दाजींची अट आणि नोव्हेनाचा नारळ

ती. उल्हासदाजी यांस,

म्हणजे परत चूक माझीच का? "आधी तुझ्या भावाला बसव, मग मी बसतो" हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे, आणि ते तुम्ही सोसायटीच्या कट्ट्यावर पाच जाणत्या माणसांसमोर बोललात. आता मी खरंच बसून आलो तर म्हणता, फोटो दाखव. अहो, तिथं फोटो काढत नाहीत. दारू सोडायच्या मीटिंगमध्ये कोण फोटो काढून घेईल? आपल्याकडं रक्तदान करताना काढतात तसा नसतो तो प्रकार. एवढं सांगतोय तोवर तुम्ही फोन कापलात. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर निळी खूणसुद्धा येऊ देत नाही. म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही, आणि आपला पोस्टमन ते अर्ध्या गावाला दाखवून मगच तुमच्या हातात देईल, तेव्हा मिळालं नाही असंही म्हणता येणार नाही.

असो. भांडण असलं तरी रीत सोडू नये. तुम्हाला आणि तुमच्या वडिलांना, अण्णांना, शिरसाष्टांग नमस्कार. मी इथं खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी, पण स्वतः कळवावी. अण्णांना विचारलं की ते बिचारे "उल्हासला जरा पित्त आहे" एवढंच सांगतात, आणि हे पित्त वर्षभर चाललंय. पाऊसपाणी, म्हशी, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त मांड्या दुखतात. त्याचं कारण पुढं येईल.

आधी मूळ मुद्दा लिहून काढतो, कारण तुम्ही सोयीचं तेवढंच लक्षात ठेवता. नीलच्या शाळेच्या गॅदरिंगला त्याचं धावण्यातलं पहिलं बक्षीस पुकारलं, तेव्हा स्टेजवर नील न जाता झोकांड्या खात तुम्ही गेलात. बक्षीस घेतलंत, माइक घेतलात, आणि तो काही लवकर सोडला नाहीत. पोरगं खाली पायरीवर उभं. त्या रात्री ताई त्याला घेऊन आईकडं गेली, ती अजून तिथंच आहे. जूनमध्ये त्याला आमच्या गावच्या शाळेत घालायचं म्हणून तिनं तुमच्याकडं दाखला मागितलाय. दाजी, दाखला हलला की माणसं परत येत नाहीत, हे मी नववीत शाळा सोडलेल्या माणसानं तुम्हाला सांगावं का? तिनं एवढंच म्हटलं होतं की कराडला गुरुवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते, तिथं एकदा जाऊन या, मग बघू. त्यावर तुम्ही मला मध्ये घेतलंत. तिचा भाऊ सिंगापूरला बसून बिअर पितो ते तिला चालतं, म्हणालात.

आता माझं म्हणाल तर मला व्यसन नाही. मी फक्त रविवारी घेतो. शनिवारी घेतो ती रविवारची तयारी म्हणून, आणि शुक्रवारी घेतो कारण शनिवारी अर्धाच दिवस काम असतं. मधल्या वारी घेतली तर ती थकव्यावर औषध म्हणून, ती मोजत नाहीत. जुरोंग आयलंडच्या रिफायनरीत पाइपांच्या भोवती लोखंडी परांची बांधायचं काम कसं असतं हे तुम्ही एकदा येऊन बघा. गेटवर पास बघतात, बॅग बघतात, आणि कधीकधी नळीत फुंकायला लावतात. त्या नळीसमोर मी अजून कधी नापास झालो नाही (शाळेत एवढं यश मिळालं असतं तर आज वेगळा असतो). पण तुम्ही पाच माणसांत शब्द दिला होता. म्हटलं, बसून दाखवू, मग दाजी काय बोलतात ते बघू.

पण बसायचं कुठं? डॉर्मिटरीतल्या आमच्या खोलीत तामिळ, बांगलादेशी आणि मी. आमच्या तामिळ मुकादमाला विचारलं की पिणारी माणसं जिथं जमतात ती जागा माहीत आहे का. तो म्हणाला, माहीत आहे, चल, आणि मोठ्या आपुलकीनं मला ज्या जागी घेऊन गेला तिथं पिणारीच माणसं जमली होती, पण सोडण्याचा विषय कुणाच्या टेबलावर दिसला नाही. मी त्याला समजावून सांगितलं की मला न पिणारे पिणारे पाहिजेत. त्यानं विचार केला आणि म्हणाला, असली माणसं नसतात. त्या दिवशीचा खर्च त्यानं केला, त्यामुळं जास्त वाद घालता आला नाही.

मग मला निशिकांतकाकांची आठवण झाली. हे पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पाया लेबारला कॉन्डोत, म्हणजे बड्या लोकांच्या इमारतीत राहतात. गणपतीत इथल्या मराठी लोकांच्या मखराचा सांगाडा मी बांधून दिला होता, तेव्हा ते "काहीही लागलं तर घरी ये" म्हणाले होते. (पुण्याची माणसं हे बोलतात तेव्हा येऊ नये असा अर्थ असतो असं मला नंतर कुणीतरी सांगितलं, पण तोवर मी खालच्या वॉचमनपाशी पोचलो होतो.) घर म्हणजे काय सांगू, चपला कुठं काढायच्या हेच कळेना, दारातला भागसुद्धा देवघरासारखा चकचकीत. मी सांगितलं की माझ्या एका मित्राला दारू सोडायची मीटिंग पाहिजे. काकांनी मान हलवली, फार वाईट असतं व्यसन, म्हणाले, आणि मला विचारलं की वाइन घेणार का. मी बघतच राहिलो. तर म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हे, ती जेवणाचा भाग आहे. जेवण अजून व्हायचं होतं, पण त्यांचा तो भाग आटोपत आला होता.

श्रियाकाकू आतून पोहे घेऊन आल्या. माझ्या मित्राची अडचण ऐकली आणि फोन हातात घेतला. दाजी, त्यांनी शोधलं नाही. आपण शोधतो तेव्हा लिहितो, पुसतो, चष्मा वर करतो. त्यांनी नुसतं उघडलं आणि वाचलं: रविवारी संध्याकाळी, नोव्हेना, स्टेशनपासून चालत, दुसरा मजला, फी नाही, कुणीही यावं. काका हसून म्हणाले, आमच्या हिला सगळ्या जगाची माहिती असते. मी पोहे खाल्ले. निघताना काकू लिफ्टपर्यंत आल्या आणि दार बंद व्हायच्या आत हळूच म्हणाल्या, "तुझा मित्र जाऊन आला ना, की तिथं काय होतं ते मला सांगशील?" मी हो म्हटलं. लिफ्टमध्ये आरसा होता, त्यात मी माझ्याकडं बघितलं नाही.

आता तुम्ही हसाल, पण मी सभेला रिकाम्या हातानं कधी गेलेलो नाही. आपल्याकडं अध्यक्ष नाही, पाहुणा नाही, शाल-नारळ नाही अशी सभा तुम्ही बघितलीय का? पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन असू दे नाहीतर विहिरीतला गाळ काढायचा असू दे, आधी सत्कार. मी विचार केला, एवढी माणसं दारू सोडतात म्हणजे अध्यक्ष केवढा मोठा असेल. म्हणून सेरंगून रोडला गेलो, नारळ घेतला, मोगऱ्याचा हार घेतला. शाल महाग होती, म्हणून चांगला भारी टॉवेल घेतला (काठ शालीसारखाच होता). हे सगळं घेऊन एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसलो. इथं गाडीत ड्युरियन नावाचं वासाचं फळ न्यायला बंदी आहे, तसं चित्रच लावलंय. त्यात नारळ नव्हता, तरी मी नोव्हेनापर्यंत तो टॉवेलखाली झाकून ठेवला. समोरची बाई मला सारखी बघत होती. तिला वाटलं असणार, बाळ आहे.

दुसऱ्या मजल्यावर दारं दोन. एक बंद, एक उघडं. उघड्यात माणसं खुर्च्यांवर बसलेली, मी मागची खुर्ची धरली. आणि बघतो तर सगळी म्हातारी! सत्तरीच्या पुढच्या आज्ज्या, आजोबा, एकाच्या हातात काठी. मला गलबलून आलं, दाजी. म्हटलं, काय हा देश, काय ही प्रगती, आणि या वयात ही पाळी. शेजारच्या चिनी आजीनं मला बिस्किट दिलं. एवढी प्रेमळ बाई, आणि घरच्यांना किती त्रास दिला असेल, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात पुढच्या सरांनी सगळ्यांना उभं केलं, खुर्चीची पाठ धरायला सांगितली आणि उठाबशा सुरू केल्या. मला क्षणभरही शंका आली नाही. आपल्याला शाळेत प्रत्येक गुन्ह्याला हेच होतं, कान धरून उठाबशा, मग दारूला दुसरं काय असणार? इथं खुर्ची धरायची परवानगी आहे, एवढीच सुधारणा. मी मात्र कान धरूनच मनापासून काढल्या. काढताना तुमच्या वाट्याच्याही काढल्या. आजी माझ्यापेक्षा खाली बसत होती. माझे कान धरलेले बघून तिनंही धरले, मग पुढच्या रांगेनं धरले. सरांना ते काय नवीन आहे कळेना, पण त्यांनी माझ्या गुडघ्यांचं फार कौतुक केलं. पुढं त्यांनी पडद्यावर गुडघ्याच्या हाडाचं चित्र लावलं तेव्हा मला कळलं की हा गुडघेदुखीचा वर्ग आहे. हार मी तोवर सरांच्या गळ्यात घातला होता. परत कसा मागणार?

समोरचं बंद दार आता उघडं होतं. तिथंही खुर्च्या, पण गोल मांडलेल्या. गोल म्हणजे पुढची रांग नाही, मागची नाही, स्टेज नाही. मी दारात उभं राहून अध्यक्ष कोण ते विचारलं. अध्यक्ष नाही म्हणाले. प्रमुख पाहुणे? नाही. मग सत्कार कुणाचा करायचा? टॅक्सी चालवणारे एक अंकल होते, त्यांनी माझ्या हातातला नारळ बघितला, टॉवेल बघितला आणि शेजारची खुर्ची सरकवली. बसलो. तुम्ही बसलात की तुम्हालाही कळेल, मांडीवर नारळ घेऊन व्यसनाबद्दल ऐकणं सोपं नसतं.

तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून दुसऱ्या कुणाचं मी लिहिणार नाही. (ते अंकल टॅक्सी चालवतात एवढंही लिहायला नको होतं. तुम्ही वाचून विसरा.) माझंच लिहितो. ओळख करून द्यायची माझी पाळी आली, तेव्हा मी रीतसर उभा राहिलो आणि माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, पोस्ट, तालुका कराड, जिल्हा सातारा, सगळं सांगितलं. ते सगळे एका सुरात फक्त "हाय, तन्मय" म्हणाले. बाकीचं गाळलं. वडील गाळले, आडनाव गाळलं, जिल्हासुद्धा गाळला. आधी राग आला. मग लक्षात आलं की आडनाव ऐकून मान तिरकी न करणारी माणसं मला पहिल्यांदाच भेटली होती, आणि ती नेमकी सगळी दारुडी निघाली.

मग म्हणाले, काही बोलायचं असेल तर बोल, नसेल तर नको. आता माझं इंग्रजी गेटवरच्या सिक्युरिटीपुरतं. एक हिंदी समजणाऱ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, हिंदीत बोल, मी सांगते. पण बोलू काय? तुम्हाला माहीत आहे, मला आयुष्यात एकच भाषण येतं. आपल्याकडं मंडळाच्या कार्यक्रमात शिकलेली पोरं प्रास्ताविक करायची, परिचय करून द्यायची, आणि माझ्या वाट्याला आभारप्रदर्शन यायचं, कारण तोवर निम्मी माणसं उठलेली असतात. मी तेच सुरू केलं. खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. चहा करणाऱ्यांचे आभार. ज्यांनी जागा दिली त्यांचे. शेजारच्या वर्गातल्या सरांचे, ज्यांनी उठाबशा घेतल्या (यावर दोघं-तिघं हसले, मला बरं वाटलं). आमच्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरचे, कारण तो सोमवारी सकाळी माझ्यासाठी थांबतो. मुकादमाचे. सगळं ओळीनं येत होतं. आणि मग ते नेहमीचं वाक्य आलं, जे सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं: ज्यांच्या सहकार्याशिवाय हा कार्यक्रम पार पडला नसता.

दाजी, मी ते वाक्य शंभर वेळा म्हटलं असेल. सरपंचांचं नाव घ्यायचं आणि खाली बसायचं. पण त्या दिवशी तोंडात नाव आलं ते ताईचं. आधी माझं मलाच कळेना की ती इथं कुठून आली. मग कळलं. आपला कार्यक्रम दुसऱ्या कुणाच्या जिवावर चाललाय? तुम्ही कधीही आलात तरी ती ताट वाढून द्यायची. तुम्ही दूध डेअरीवर गेला नाहीत तर ती जायची आणि तुम्ही परगावी गेलाय म्हणून सांगायची. माझा आवाज फोनवर जड आला की ती आईला म्हणायची, रेंज नाही त्याला. आपण दोघं पीत आलो आणि घर उभं राहिलं, तर आपल्याला वाटलं आपल्याला पचते. खाली परांची ती धरून उभी होती. मी त्यांना हिंदीत एवढंच म्हटलं, "मेरी बड़ी बहन, मीनल। उसके सहयोग के बिना हमारा पीना संभव नहीं था।" त्या बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. पुढं, अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमा असावी, असं म्हणायचं असतं. ते काही माझ्याच्यानं झालं नाही. मी तसाच खाली बसलो. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी पाठ थोपटली नाही. अंकलनी चहा आणून दिला आणि नारळ तेवढा वेळ स्वतःच्या मांडीवर घेतला.

एवढंच झालं. दिवे घालवले, खुर्च्या रचल्या, सगळ्यांनी मिळून. श्रियाकाकूंना मी दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, तिथं बायका असतात का, माणसाला ओढून न्यावं लागतं का. मी म्हटलं, ओढून नेता येत नाही, नारळ घेऊन गेलं तरी चालतं. त्या म्हणाल्या, काकांना बरं नाही, ठेवते. पित्त असेल.

तर मी बसून आलो. तुमची अट पुरी झाली. साक्षीला फोटो नाही, मांड्या आहेत. अण्णांना माझा नमस्कार सांगावा, औषधं वेळेवर घ्यायला सांगावं. लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मेहुणा म्हणून पोटात घालावं. लहान तोंडी मोठा घास झालाच आहे, पण तोंड लहान ठेवायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.

आपला,
तन्मय

ता. क. मला व्यसन नाही हे वर लिहिलंच आहे. तरी पुढच्या रविवारी परत गेलो, ते केवळ नारळ तिथंच राहिला होता म्हणून. फोडायचा मान कुणाचा हे अजून ठरत नाही, कारण अध्यक्ष नाही. ते ठरेपर्यंत जावं लागणार.

ता. क. दुसरा. मधल्या शनिवारी मी दोन कॅन घेतले. दोन म्हणजे आधी दोन, मग मोजले नाहीत. मीटिंगमध्ये जाऊन तसं सांगितलं. मला वाटलं हाकलतील. अंकल म्हणाले, "गुड, यू कम." एवढंच. हे तुम्हाला अशासाठी लिहितो की, आधी सोडतो आणि मग तोंड दाखवायला जातो, असं तुमच्या मनात असेल तर तसं नसतं. आहात तसे जावा. वास येत असला तरी जावा.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच. त्या पाच जाणत्या माणसांना घेऊन ताईला आणायला आईच्या दारात जाऊ नका. तुमचा तो बेत अण्णांनी मला सांगितलाय. माणसं आली की ती चहा करेल, पदर सावरेल, आणि चारचौघांत नाही म्हणता येत नाही म्हणून येईल. तसं तिला आणू नका. परवा तिचा फोन होता. मी खरंच बसलो का ते विचारलं. मी हो म्हटलं. रडेल वाटलं होतं, पण रडली नाही. म्हणाली, "मग आता त्यांच्याकडं कारण कुठलं उरलं रे?" दाजी, तो प्रश्न जसाच्या तसा तुमच्याकडं पाठवतोय. उत्तर आलं तर तिला द्या. दाखल्याचा अर्ज तुमच्या खुंटीवरच्या पिशवीत आहे, त्यावर सही करायची की नाही ते गुरुवारी कराडहून आल्यावर ठरवा, आधी नको.

तुमच्या स्टँडपासून कराडला एस.टी.नं जायचं आणि यायचं भाडं तुमच्या फोनवर पाठवतोय. तेवढंच पाठवतोय, वर काही नाही. इथून पाठवायचा आकारच त्याच्यापेक्षा जास्त पडला, मुकादम हसत होता. बायकांना अर्धं तिकीट असतं, पण ताईचं यात धरलेलं नाही, ते तिचं ती बघेल. एवढ्या पैशांत स्टँडमागच्या दुकानात देशीची क्वार्टरसुद्धा येते, हे मला माहीत आहे.

रुपये नव्वद फक्त.